बाविसाव्या वर्षाची चाल

दुखत होता गुडघा आणि डॉक्टरांनी चिमटा घातला नाकात.

"हलू नका हं काकू, झालंच," म्हणत डॉ. समिधा वैशंपायन यांनी हेमाच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातून मुगाच्या डाळीएवढा पांढुरका तुकडा काढला आणि गुलाबी द्रावाच्या बाटलीत सोडला. हेमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारी उभ्या असलेल्या श्रीरंगरावांनी, तिच्या नवऱ्याने, खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"नाकाचा आणि गुडघ्याचा काय संबंध?" त्यांनी विचारलं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची सारी नोकरी गेली होती. पाणी कुठून निघतं आणि कुठे पोचतं हे नीट कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"दोन्हीकडे कूर्चाच असते काका," डॉक्टर म्हणाल्या. "गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत अस्तर असतं ना, ते कूर्चेचं. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा फाटली की शरीराला ती शिवता येत नाही. काकूंची फाटली तरुणपणी. आता तर तिच्याखालचं हाडही खचलंय. पण नाकातल्या कूर्चेच्या पेशी मोठ्या चिवट. माणूस म्हातारा होतो, त्या फारशा होत नाहीत. त्या आम्ही वाढवणार, रेशमापासून काढलेल्या प्रथिनाच्या जाळीत पेरणार आणि खाली हाडासाठी सच्छिद्र थर देणार. अस्तर आणि त्याखालची जमीन, दोन्ही एकदम."

"आणि ते गुडघ्यात बसवणार."

"लगेच नाही. त्याआधी त्याला चालायला शिकवणार."

श्रीरंगरावांनी हेमाकडे पाहिलं. हेमाने खांदे उडवले.

सन २०४३मध्ये डॉक्टरांच्या पुण्यातल्या त्या संस्थेचं नाव झालं होतं ते याच कारणाने. प्रयोगशाळेत कूर्चा वाढवणं तसं जुनं होतं. पण ती मऊ निघायची आणि दोन-तीन वर्षांत विरून जायची. कारण कूर्चेला अन्न पोचतं तेच मुळी दाबातून. माणूस पाऊल टाकतो तेव्हा ती स्पंजासारखी दबते, पाऊल उचलतो तेव्हा फुगते आणि भोवतालचा रस शोषून घेते. तिच्यातले तंतूही भार ज्या दिशेने येतो तसे ओळीने उभे राहतात. बसल्या जागी वाढलेल्या कूर्चेला हे काहीच ठाऊक नसतं. म्हणून या लोकांनी एक यंत्र बनवलं होतं. काचेच्या पेटीत, रसात बुडालेल्या त्या तुकड्यावर ते रात्रंदिवस दाब देई, आणि हा दाब ज्याच्या गुडघ्यात तो तुकडा जायचा त्या माणसाच्या चालीबरहुकूम असे. तितकाच भार, त्याच कोनातून, त्याच तालात. संस्थेतले लोक त्या पेटीला पाळणा म्हणत.

हेमाची चाल नोंदवायला तिला एका लांब काळ्या पट्टीवरून चालवलं. श्रीरंगराव नेहमीसारखे तिच्या डावीकडे गेले, उजवा खांदा थोडा झुकवला, तिने त्यावर हात ठेवला आणि दोघं निघाली. डॉक्टरांनी त्यांना बाजूला व्हायला सांगून तिला एकटीला पुन्हा चालवलं. पडद्यावर पावलांचे रंगीत ठसे उमटले. ते पाहून डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली.

"ही तुमची लंगडती चाल आहे काकू. चाळीस वर्षांत शरीराने दुखणं चुकवायला काढलेली पळवाट. पाळण्यात हीच शिकवली तर नवी कूर्चा एका अंगाला जाड होईल, दुसरीकडे पातळ. आठ-दहा वर्षांत पुन्हा इथेच. मला तुमची त्याआधीची चाल हवी. धड गुडघ्याची. तेव्हाचा एखादा व्हिडिओ आहे?"

हेमा हसली. "आमच्या वेळी उठल्यासुटल्या कोण व्हिडिओ काढत होतं?" आणि मग हसता हसता थांबली. "नलूच्या भावाकडे कॅमेरा होता."

*

नलिनी आवळे फलटणलाच राहत होती, हेमाच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. एके काळी दोघी एका डब्यात जेवायच्या. खो-खोच्या संघात नलूएवढा लांब सूर मारणारी नव्हती आणि हेमाएवढी संरक्षणाला टिकणारी नव्हती. बसलेल्या मुलींमधून नागमोडी धावत, दुहेरी साखळी खेळत हेमा अशी काही निसटायची की पाठलाग करणाऱ्या मुली एकमेकींवर चिडायच्या. राज्याच्या संघात तिचं नाव जाणार हे सगळे धरून चालले होते. निवड चाचणीच्या थोडं आधी, सरावात खांबाला वळसा घेताना तिचा पाय मातीत रुतला. अंग वळलं, गुडघा वळला नाही.

त्यानंतर हेमा भूगोलाची बाई झाली. तिच्या पावलांचा एक टक्क आणि एक घस्स असा आवाज व्हरांड्यात आला की वर्ग चिडीचूप व्हायचा. मैदानाकडे मात्र ती पुन्हा फिरकली नाही, आणि नलू तर मैदानावरच राहणारी. भांडण असं झालं नाही. भेटी नुसत्याच विरत गेल्या.

"कॅसेट होय?" नलू दारातच म्हणाली. साठी उलटली तरी गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट. "ती तर मी कवाच नीट करून घेतली. बाप्पूदादा गेला तेव्हा त्याचं सगळं शूटिंग काढून ठिवलं मी."

"मला बोलली नाहीस कधी."

"तू मैदानाचं नाव काढलं की तोंड फिरवायचीस. मग कुणाला दाखवू गं?"

हेमा, श्रीरंगराव आणि नलू हॉलमध्ये बसले. भिंतीवर चित्र उमटलं. रंग उडालेले, कडा थरथरणाऱ्या. बाप्पूदादाने लग्नांच्या शूटिंगसाठी नवा कॅमेरा घेतला होता आणि हात बसावा म्हणून तो सरावाला आला होता. त्यामुळे खेळापेक्षा इकडचं तिकडचंच जास्त. पाणी मारलेलं मैदान. कुंपणावर वाळत घातलेले टॉवेल. दोन वेण्या वर बांधलेली नलू कॅमेऱ्याला जीभ दाखवते. मागे कुणाचा तरी रेडिओ. आणि मग माठाकडून पाणी पिऊन एक मुलगी येते. ओले हात चड्डीला पुसत, सुटलेली रिबीन दातात धरून केस बांधत, मैदानाच्या मध्यापर्यंत सरळ चालत येते. घाई नाही, पण प्रत्येक पाऊल असं पडतंय की पुढच्या क्षणी कुठल्याही दिशेला उडी घेईल.

हेमाला वाटलं होतं, आपल्याला पळताना बघून वाईट वाटेल. पळण्याचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते या साध्या चालण्याचं. या मुलीला आपण चालतोय हे माहीतच नव्हतं.

"थांबव," ती म्हणाली. "मागे घे. त्या निंबाखाली."

निंबाला सायकल टेकवून हेमाचे वडील उभे होते. डोक्याला टॉवेल, हातात डबा. चित्रात ते दोन-तीन श्वासांपुरतेच होते. मुलीकडे बघत होते आणि बघताना स्वतःच्या नकळत एका पायावरून दुसऱ्या पायावर तोल बदलत होते, जणू तेच साखळी खेळणार होते.

"तात्या रोज यायचे," नलू म्हणाली. "तुला डबा आणि मला ओरडा."

दोघी हसल्या, आणि हसता हसता हेमाने नलूचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

घरी जाताना, तिचा हात खांद्यावर घेऊन गल्लीतून चालत असताना श्रीरंगराव म्हणाले, "एवढी मान वर करून चालायचीस?"

"असेन."

"मी कधी पाहिलीच नाही तुला तशी," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी तरी गावाला येऊन न भेटता गेलं की माणूस जसं बोलतो, तसं ते बोलले.

*

पाळणा बघायला संस्थेने त्यांना बोलावलं. काचेच्या पेटीत, गुलाबी रसात, जुन्या रुपयाएवढा मोत्याच्या रंगाचा तुकडा होता. वरून एक चकचकीत गोळा खाली येई, किंचित घसरे, वर जाई. पुन्हा खाली येई. त्या जुन्या चित्रावरून संगणकाने मुलीच्या सांध्यांचे कोन काढले होते, हेमाच्या आजच्या हाडांच्या मापांशी ते जुळवले होते आणि तिच्या त्या वेळच्या पावलाचा भार बांधला होता.

हेमा पेटीजवळ कान नेऊन ऐकत राहिली. अगदी हलका आवाज येत होता. तिने तो ताल ओळखला. आपण कॉलेजातून मैदानाकडे निघायचो तो. पिशवी पाठीवर, डोक्यात खेळ.

"ऐका ना अहो," तिने श्रीरंगरावांना जवळ ओढलं.

त्यांनी ऐकलं. मग हसून मान हलवली. "माझ्या ओळखीची नाही ही बाई."

शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर झाली. खचलेलं हाड कोरून काढून तिथे तो दुपदरी तुकडा बसवला. खालचा थर हाडात रुजायला काही आठवडे गेले, आणि मग डॉक्टरांनी तिला उभी केली. हेमाला वाटलं होतं दुखेल. दुखलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली. एवढ्या वर्षांत दुखणं हाच तिचा रस्ता दाखवणारा होता. आता गुडघ्यात शांतता होती आणि पाऊल कसं टाकायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

"आता खरं काम," डॉक्टरांनी सांगितलं. "तुमची कूर्चा बाविसाव्या वर्षाची चाल शिकून आलीय. तुम्ही तशीच चाललात तर ती टिकेल. जुनं लंगडणं परत आलं तर भार भलतीकडे पडेल आणि तिच्या कडा उचलल्या जातील. वर्षभर जपायचं."

तिच्या बुटात एक पातळ सुखतळा घातला. तो प्रत्येक पावलाची बातमी पुण्याला पाठवी. हेमा शिकत गेली. एक दिवस ती एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकत जिना उतरली. एक दिवस तिने ताट घेतलं आणि स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून जेवायला बसली. लग्न होऊन आल्यापासून ती टेबलावर जेवत होती. श्रीरंगराव दारात उभे राहून बघत होते. मग तेही आपलं ताट घेऊन खाली बसले. बसताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. हेमाचं तिकडे लक्ष नव्हतं.

*

एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "काकू, तुम्ही दिवसभर छान चालता. संध्याकाळीच बिघडतं. संध्याकाळी काय करता?"

"कालव्यावर फिरायला जातो."

"जातो म्हणजे?"

"मी आणि हे."

पुण्याला त्यांनी दोघांना पुन्हा त्या काळ्या पट्टीवर नेलं. हेमा एकटी चालली, ठसे सरळ पडले. श्रीरंगराव डावीकडे येऊन चालू लागले आणि चौथ्या-पाचव्या पावलाला तिचा उजवा पाय घासला. हात खांद्यावर ठेवला नव्हता, तरी घासला. पुन्हा करून पाहिलं, तेच. श्रीरंगरावांनी जाणूनबुजून ताठ चालून पाहिलं, तरी तेच.

"शरीराने पाठ केलंय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना सांगायला जड जात होतं हे दिसत होतं. "काका बाजूला आले की तुमचं अंग समजतं, लंगडायचं. हे तुमच्या हातात नाही. काही महिने तुम्ही दोघांनी बरोबर चालू नका. घरात ठीक आहे. पण लांब चालणं वेगवेगळं."

गाडी परतीला लागली. जेजुरी मागे पडल्यावर श्रीरंगराव म्हणाले, "म्हणजे दुखण्याचं औषध मीच होतो आणि आता दुखणंही मीच."

"असं काय बोलता हो!"

"गंमत केली."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ते एकटे कालव्यावर जाऊ लागले आणि हेमा नलूकडे, मैदानावर. मैदान बदललं होतं. कडेने दिवे होते, मुलींच्या अंगावर चमकणारे पट्टे होते. पण पाणी मारल्यावरचा मातीचा वास तोच होता आणि पोरी एकमेकींच्या नावाने ओरडतही तशाच होत्या. नलू तिला खांबाजवळ उभी करी. हेमा पळायची नाही, नुसती चालत वळसे घालायची. पहिल्यांदा खांब हाताने धरून वळली तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले. काहीच झालं नाही. माती पायाखाली नीट राहिली.

ती इतकी आनंदात घरी येई की दार उघडताना तिला थोडं अपराधी वाटे.

"किती लांब गेला होता?" ती विचारी.

"पुलापर्यंत."

"एवढंच? आपण तर मोरीच्याही पुढे जायचो."

"कंटाळा येतो एकट्याला," असं म्हणून ते टीव्ही लावत. हळूहळू पुलापर्यंत जाणंही कमी झालं. हेमाला वाटलं, रुसलेत. एकदा ती म्हणाली, "मी चालायला लागले याचा तुम्हाला आनंदच नाही का?" त्यावर ते तिच्याकडे असे बघत राहिले की तिलाच प्रश्न परत घ्यावासा वाटला.

मग लोणंदला श्रीरंगरावांच्या पुतणीचं लग्न आलं. मांडवाबाहेर गाडीतून उतरल्यावर ते सवयीने तिच्या डावीकडे आले. खांदा झुकला. आणि एकदम आठवण होऊन त्यांनी तो वर उचलला, बाजूला सरकले आणि उगीचच कॉलर सारखी करत राहिले. समोर सगळे नातेवाईक उभे होते, ज्यांनी या दोघांना कधी सुटं चालताना पाहिलं नव्हतं.

हेमाने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, डॉक्टरांनी..."

"एक दिवसाने काही होत नाही. चला."

ती दिवसभर तशीच चालली. टक्क, घस्स. जुन्या घरात परत आल्यासारखं वाटत होतं. बायका म्हणाल्या, ऑपरेशनचा काही उपयोग दिसत नाही. हेमा नुसती हसली.

*

त्याच आठवड्यात गुडघा सुजला. संस्थेत तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर कूर्चेची एक कड दाखवली. ती नखाएवढी उचललेली होती.

"वेळेवर आलात. काही दिवस भार टाकायचा नाही, म्हणजे पुन्हा बसेल. पण परत असं झालं तर सगळं काढून पुन्हा नाकापासून सुरुवात. आणि दुसऱ्या वेळी हाड धरेलच असं नाही. काकू, सुखतळ्याची नोंद सांगते की त्या दिवशी तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत लंगडत होता."

बाहेरच्या लांब मार्गिकेत हेमा बाकावर बसली. श्रीरंगराव समोर उभे राहिले. ते सहसा चिडत नसत. आज चिडले होते.

"मुद्दाम लंगडलीस?"

"हो."

"अगं पण का? चाळीस वर्षांनी पाय मिळालाय तुला. का?"

"तुम्ही कॉलर सारखी केलीत म्हणून."

"बस इथे. मी गाडी बोलावतो," असं म्हणून ते वळले आणि चालू लागले.

मार्गिका लांब होती. शेवटाला काचेचं दार होतं आणि त्यातून ऊन येत होतं. त्या उजेडात हेमा त्यांना जाताना बघत राहिली. आणि तिच्या लक्षात आलं की आपण या माणसाला पाठमोरं चालताना कधी बघितलेलंच नाही. ते नेहमी शेजारी असत. त्यांचा उजवा खांदा खाली गेलेला होता. उजवं पाऊल आखूड पडत होतं, आणि प्रत्येक वेळी त्या पायावर भार येताना ते अंग चोरत होते. खांद्यावर कुणाचा हात नव्हता, तरी ते तो हात सांभाळत चालले होते.

"डॉक्टर!" तिने तपासणीच्या खोलीच्या दाराकडे वळून हाक मारली. डॉ. समिधा बाहेर आल्या. हेमाने नुसतं बोट दाखवलं.

डॉक्टर काही क्षण बघत राहिल्या. "काकांना किती दिवसांपासून दुखतंय?"

"मला माहीत नाही," हेमा म्हणाली. आणि हे उच्चारताना तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. फरशीवर बसताना भिंतीला टेकलेला हात, पुलापाशी संपणारं फिरणं, सगळं तिच्यासमोरच घडलं होतं.

परत आल्यावर श्रीरंगरावांनी थोडी टाळाटाळ केली. मग म्हणाले, "असतील सात-आठ वर्षं. खुब्यात कळ येते. तुझ्या गुडघ्याचं आधी होऊ दे म्हटलं."

"आणि मी म्हणत होते, तुम्ही रुसलात!"

"थोडा रुसलोही होतो," ते म्हणाले.

*

उजव्या खुब्यातली कूर्चा जवळजवळ संपली होती. उपाय तोच होता. नाकातून पेशी, रेशमाची जाळी, पाळणा. आणि अडचणही तीच. डॉक्टरांनी विचारलं, "लग्नाआधीचा एखादा व्हिडिओ? कुठलाही, चालतानाचा."

श्रीरंगराव हसले. "माझा कोण काढतंय? कालव्याचे फोटो असतील खात्यात, फुटलेल्या दारांचे, गळतीचे. निरीक्षकाचा नसतो."

लग्नाच्या चित्रफितीतही ते पहिल्या फेऱ्यापासून खांदा झुकवूनच होते.

"मग उंची, वजन, हाडांची मापं यावरून संगणक सरासरी चाल काढून देईल," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी अचूक नसते, पण बरेच लोक त्यावर आहेत."

"चालेल की. मी सरासरीच माणूस."

"नाही चालणार," हेमा म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "हे कसे चालायचे ते मला माहीत आहे."

"काकू, आठवणीवर कूर्चा नाही वाढवता येत हो."

"बघा तरी."

ती हेमाची पहिली नोकरी होती, कालव्याकाठच्या गावातल्या शाळेत. गुडघा नुकताच कायमचा बिघडलेला. मधल्या सुट्टीत ती खिडकीशी स्टुलावर पाय ठेवून बसायची आणि लोकांची फक्त पावलं बघायची. ज्याला चालता येत नाही त्याला दुसऱ्याच्या चालण्याचं वेड लागतं. शिवाय खो-खोने तिला तेच तर शिकवलं होतं, समोरच्याच्या पावलावरून तो कुठे वळणार ते ओळखायचं. पोरं कालव्यात पोहतात म्हणून तक्रार करायला एक तरुण निरीक्षक मैदान ओलांडून मुख्याध्यापकांकडे आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. पोरांनी पोहणं बंद केलं तरी येत राहिला. वर्षभर, आणि हेमा वर्षभर ते बघत होती. लग्नाची बोलणी त्यानंतरची.

उचललेली कड बसली आणि डॉक्टरांनी हेमाला चालायची परवानगी दिली, त्या दिवशी ती काळ्या पट्टीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. श्रीरंगराव भिंतीजवळच्या खुर्चीत होते. तिने डोळे मिटले, उघडले आणि निघाली.

ती हेमाची चाल नव्हती. माठाकडून येणाऱ्या मुलीचीही नव्हती. लांब, संथ ढांगा. अरुंद बांधावरून रोज चालणाऱ्या माणसाचं एक पाऊल दुसऱ्याच्या जवळजवळ पुढ्यात पडतं, तशी पावलं. टाच आधी, हलकेच, ओल्या मातीचा अंदाज घेत. मान डावीकडे किंचित झुकलेली, पाण्यावर नजर ठेवणारी. आणि खांदे, दोन्ही खांदे सरळ, मोकळे, कुणाचंच ओझं नसलेले.

डॉक्टर आधी नुसत्या सौजन्याने बघत होत्या. मग त्या पडद्याकडे वळल्या, संगणकाला काही सांगितलं आणि श्रीरंगरावांच्या हाडांची चित्रं उघडली.

"हाडाच्या आतही जाळी असते," त्या हळूच म्हणाल्या. "तारुण्यात जिकडून भार येतो त्या रेषांवर ती बांधली जाते. उजव्या खुब्यात ती मोडलीय. पण डावा खुबा अजून बराचसा जुना आहे. मी काकूंची चाल काकांच्या मापात बसवली आणि डाव्या खुब्यावर टाकून पाहिली." त्यांनी दोन चित्रं एकावर एक सरकवली. बारीक पांढऱ्या रेषा एकमेकींत मिसळल्या. "सरासरी चाल इतकी जुळत नव्हती. ही जुळते. काकू, पाळण्याला ही चालेल."

हेमा पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने श्रीरंगरावांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. चष्मा काढून हातात घेतला होता, परत लावला होता.

"अशी मान वाकडी करायचो मी?" त्यांनी विचारलं.

"करायचा."

"आणि तू खिडकीतून बघायचीस?"

"रोज."

त्यांनी खुर्ची पट्टीजवळ ओढली.

"पुन्हा एकदा चाल," ते म्हणाले.

"का? काही चुकलं?"

"नाही गं. बघायचंय मला."